काजळीतला रेणू स्वतः काहीच करत नाही, मग कॅन्सर होतो कसा?

खारुताई

धुरावरच्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "धुरातली केमिकल्स पेशी जाळतात म्हणून कॅन्सर होतो." तिथं उत्तर लिहायला घेतलं आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

पेशी जळत नाहीत. जळल्या असत्या तर एका अर्थी बरं झालं असतं, कारण मेलेल्या पेशीचा कॅन्सर होत नाही. कॅन्सर होतो तो जगलेल्या पेशीचा, जिच्या डीएनएतलं एखादं अक्षर बदललंय आणि तरी जी विभागतच चाललीये. आणि हे अक्षर बदलणारं हत्यार धुरात तयार नसतं हो, ते आपल्या शरीरात घडतं, आपल्याच एन्झाइम्सच्या हातून. मला सांगायचंय ते एवढंच, पण नीट सांगायचं तर थोडं मागून यावं लागेल.

पीएएच म्हणजे पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन्स. मधमाशीच्या पोळ्यातल्या षटकोनी घरांसारखी कार्बनची कडी एकमेकांना चिकटलेली, कडेनं हायड्रोजन, बाकी काही नाही. लाकूड, कोळसा, डिझेल, तंबाखू, काहीही पुरेशा ऑक्सिजनशिवाय तापलं की मोठे रेणू तुटून लहान तुकडे होतात आणि ते तुकडे परत जुळून ही कडी बनतात. एका वेळी असे शेकडो प्रकार तयार होतात. त्यातला सगळ्यात जास्त अभ्यास झालेला म्हणजे बेंझो(ए)पायरीन, पुढं मी बीएपी म्हणेन. पाच कडी, २० कार्बन, १२ हायड्रोजन.

मी या बीएपीसोबत प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम केलंय. फिकट पिवळी बारीक भुकटी, पाण्यात विरघळत नाही, हातावर पडली तरी आग नाही की पुरळ नाही. बघून भीती वाटावी असं त्यात काहीच नाही. म्हणून आमच्याकडे नियम होता, काम संपलं की खोलीतले दिवे घालवायचे आणि यूव्ही दिवा सगळीकडे फिरवायचा, कारण बीएपी यूव्हीखाली निळसर जांभळं चमकतं. दोन-दोन ग्लोव्हज, हूड (म्हणजे हवा ओढून घेणारं काचेचं कपाट, त्यातच काम करायचं), सगळं पाळलं होतं आणि तरी एकदा माझ्या पेनाच्या टोपणावर मोहरीएवढा ठिपका चमकला. पेन हूडच्या बाहेर होतं, टेबलावर. मी ते टोपण नेहमी दातात धरायचे. त्या दिवसापासून आजतागायत पेन तोंडात घातलेलं नाही.

तर हा रेणू इतका निवांत आहे की उघड्या डीएनएत नुसता मिसळला तर त्याच्याशी रासायनिक बंध जोडतच नाही. ब्रूस एम्स यांची १९७० च्या दशकातली प्रसिद्ध टेस्ट आहे, साल्मोनेला जिवाणूंवर पदार्थ टाकायचा आणि म्युटेशन्स, म्हणजे डीएनएतली बदललेली अक्षरं, मोजायची. नुसतं बीएपी टाकलं तर जिवाणू ढिम्म. त्यातच रॅटच्या यकृताचा अर्क मिसळला की म्युटेशन्सच म्युटेशन्स. म्हणजे दोष यकृतातल्या कशाचा तरी आहे. तो कसा, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, आत्ता कामाला पळते.

भिंगरी

वाचतेय. पेनाचं वाचून अंगावर काटा आला.

टिपकागद

उत्तम विषय. खारुताई येईपर्यंत थोडा इतिहास मी टाकतो, मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

१७७५ मध्ये लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या पिशवीच्या कातडीचा कॅन्सर होतो आणि त्याचं कारण तिथल्या घड्यांत साचणारी काजळी. ही माणसं लहान पोरं असताना त्यांना अरुंद धुराड्यांत चढवायचे, बहुतेकदा अंगावर कपडाही नसायचा, अंघोळ क्वचित. आणि रोग यायचा पुढं तरुणपणी किंवा त्याच्याही नंतर, कितीतरी वर्षांनी, जेव्हा काहींनी ते काम सोडलेलंही असायचं. कामामुळे होणारा कॅन्सर पहिल्यांदा नीट नोंदवला गेला तो हा. पुढं १८९२ मध्ये हेन्री बटलिन यांनी विचारलं की युरोपातल्या इतर देशांत धुराडीवाले आहेत, काजळीही तीच, मग त्यांना हा रोग इतका का होत नाही, तर उत्तर निघालं अंगभर घट्ट कपडे आणि नियमित धुणं. रेणूचं नावगाव माहीत नसताना उपाय सापडला होता, फक्त लंडनच्या पोरांपर्यंत तो पोचला नाही. मला हे वाचताना प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

मग १९१५. तोक्योत कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना कोलटार, म्हणजे दगडी कोळशातून निघणारं डांबर, लावायला घेतलं. आधी लोकांनी हे करून सोडून दिलेलं, काही होत नाही म्हणून. हे दोघं महिनोन् महिने लावतच राहिले आणि कानांवर गाठी आल्या, पुढं कॅन्सर. प्रयोगशाळेत रसायनानं कॅन्सर घडवून दाखवला तो असा, आणि त्यातली खरी गोम म्हणजे चिकाटी, कारण रोगालाच वेळ लागतो.

आणि मग कोलटारमधला नेमका गुन्हेगार कोण? लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे यांच्या गटानं हे काम हाती घेतलं. त्यांच्यातल्या हायगर यांच्या लक्षात आलं की कॅन्सर घडवणाऱ्या टारच्या चमकेत ठरावीक पट्टे दिसतात, ४००, ४१८ आणि ४४० नॅनोमीटरला. मग त्या चमकेचा माग काढत दोन टन पिचमधून (कोलटार आटवल्यावर उरतो तो घट्ट गाळ) १९३३ मध्ये बीएपी वेगळं केलं. ताईंच्या पेनाच्या टोपणावर जो ठिपका चमकला तीच चमक.

खारुताई

टिपकागद, शेवटच्या वाक्यासाठी मनापासून आभार, हे दोन धागे मी स्वतः कधी जोडले नव्हते.

आता यकृत. (आणि फुप्फुस, कातडी, आतडं, सगळीकडे थोड्याफार प्रमाणात हेच.) शरीरात चरबीत विरघळणारा परका रेणू आला की त्याला बाहेर काढायचा एकच मार्ग, त्याला पाण्यात विरघळणारं करायचं, म्हणजे लघवीतून, पित्तातून जाईल. त्यासाठी सायटोक्रोम पी-४५० घराण्यातली एन्झाइम्स रेणूवर ऑक्सिजनचा अणू चिकटवतात. बीएपीच्या बाबतीत मुख्यतः सीवायपी-१ए१ आणि सीवायपी-१बी१. ७ आणि ८ नंबरच्या कार्बनवर ऑक्सिजन बसला की तिथं तीन कोनांचं ताणलेलं कडं होतं, त्याला इपॉक्साइड म्हणतात. ते धोक्याचं, म्हणून दुसरं एन्झाइम, इपॉक्साइड हायड्रोलेज, पाणी घालून ते उघडतं आणि दोन ओएच गट असलेला शांत डायॉल तयार होतो. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललंय.

पण तो डायॉल बाहेर पडायच्या आत परत पहिल्याच एन्झाइमच्या हाती लागू शकतो. मग त्याच कड्यावर ९ आणि १० नंबरला दुसरं इपॉक्साइड बसतं. हाच तो डायॉल-इपॉक्साइड, बीपीडीई. आणि आता गंमत अशी की हे दुसरं इपॉक्साइड रेणूच्या एका खोबणीत असतं, दोन कड्यांच्या बेचक्यात, त्याला 'बे रीजन' म्हणतात, म्हणजे खाडी. तिथं हायड्रोलेजची डाळ शिजत नाही. पहिल्या इपॉक्साइडला विझवणारं एन्झाइम दुसऱ्यापाशी जवळपास लंगडं पडतं. आणि खाडीतला १० नंबरचा कार्बन असा की इपॉक्साइड उघडलं तर त्याच्यावरचा धन भार शेजारची सगळी कडी वाटून घेतात, त्यामुळे ते उघडायला टपूनच बसलेलं असतं.

बहुतेक बीपीडीई पाण्याशीच भिडून संपतं किंवा ग्लुटाथायोन हा पेशीतला राखणदार रेणू त्याला पकडतो. पण थोडं केंद्रकापर्यंत पोचतं. डीएनएत जी, सी, ए, टी अशी चार अक्षरं, त्यातलं जी म्हणजे ग्वानीन, त्याचा एक अमिनो गट दुहेरी पिळाच्या अरुंद खाचेकडे तोंड करून असतो. बीपीडीईचा १० नंबरचा कार्बन नेमका त्याच्यावर जाऊन पक्का बंध जोडतो. याला ॲडक्ट म्हणतात. आता ते अक्षर जी राहिलं खरं, पण त्याच्या पाठीवर चार-पाच कड्यांचं गाठोडं.

आणि एक. सीवायपी-१ए१ हे एन्झाइम एरवी पेशीत फारसं नसतं. बीएपी आत आलं की ते एएच रिसेप्टर नावाच्या प्रथिनात बसतं, ते प्रथिन केंद्रकात जातं आणि सीवायपी-१ए१ चं जनुक चालू करतं. म्हणजे रेणू येतो तो स्वतःला घडवणारा कारखानाच चालू करतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ज्या उंदरांत हा रिसेप्टरच नव्हता त्यांना बीएपी टोचूनही गाठी आल्या नाहीत.

भिंगरी

एक शंका. गाठोडं बसलं ते बसलं, पण अक्षर तर जीच आहे असं तुम्हीच म्हणता. मग म्युटेशन कुठं झालं?

खारुताई

भिंगरी, नेमकं इथंच सगळं आहे आणि बहुतेक लेखांत ही पायरी गाळलेली असते. ॲडक्ट म्हणजे म्युटेशन नव्हे. ॲडक्ट दुरुस्त होऊ शकतो, म्युटेशन झाल्यावर पेशीला कळतच नाही की काही बिघडलंय.

दुरुस्ती अशी. गाठोड्यामुळे पिळाचा आकार बिघडतो, एक्सपीसी वगैरे प्रथिनं तो वाकडेपणा चाचपून ओळखतात, मग त्या धाग्याला दोन्ही बाजूंनी कापून साधारण २४ ते ३२ अक्षरांचा तुकडा काढून टाकतात आणि समोरचा धागा बघून नवा तुकडा विणतात. रफू करतात तसं, भोकाच्या थोडं बाहेरून धागा घेऊन. झिरोडर्मा पिग्मेंटोसम या आजारात हीच रफू जन्मतः बिघडलेली असते, त्या लोकांना उन्हानं त्वचेचे कॅन्सर किती लवकर होतात ते बघा.

आता समजा रफू व्हायच्या आत पेशीची विभागणी आली. डीएनएची नक्कल करणारं यंत्र त्या गाठोड्यापाशी येऊन अडतं. अडून राहिलं तर पेशी मरेल, म्हणून पेशीकडे काही पर्यायी पॉलिमरेज, म्हणजे नक्कल करणारी एन्झाइम्स, असतात, ओबडधोबड अडथळ्यावरून गाडी हाकणारे. त्यातला पोल-कप्पा हा या विशिष्ट गाठोड्यापाशी बऱ्यापैकी बरोबर, म्हणजे जीच्या समोर हवा तो सी लावतो. पण दुसऱ्या एखाद्याच्या हातून समोर सीऐवजी ए लागतो. पुढच्या नकलेत त्या ए समोर टी येतो. झालं, जी होता तिथं टी आला. गाठोडं आता असो नसो, चूक दोन्ही धाग्यांत शाईनं उतरली. आता कुठलंही दुरुस्ती प्रथिन तिथून गेलं तर त्याला सगळं नीटच दिसणार, ए समोर टी, जोडी बरोबर!

हा जी-चा-टी बदल हीच या रेणूंची सही. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो ढिगानं सापडतो. के-रास जनुकाच्या १२ व्या कोडॉनमध्ये (कोडॉन म्हणजे जनुकातला तीन अक्षरी शब्द) जीजीटीचं टीजीटी झालं की त्या प्रथिनाचं बटण चालूच्या जागी अडकतं आणि पेशीला सतत "वाढ, वाढ" असा हुकूम मिळत राहतो. कधीच सिगारेट न ओढलेल्यांत हाच कोडॉन बिघडला तर बहुधा दुसऱ्याच तऱ्हेनं बिघडलेला असतो.

साधामाणूस

धाग्यातलं रसायनशास्त्र मला अर्धंच कळलं पण वाचायचं थांबवता आलं नाही. माझे वडील २२ वर्षं कोक ओव्हनवर होते, म्हणजे दगडी कोळसा भाजून कोक बनवायच्या भट्टीवर, त्यातली पहिली नऊ वर्षं बॅटरीच्या (भट्ट्यांच्या रांगेच्या) छतावर, म्हणजे जिथं भोकांची झाकणं उघडून वरून कोळसा ओततात तिथं. खालची वीट इतकी तापलेली असायची की लाकडी तळव्याचे बूट घालायचे, साधा रबर वितळायचा. झाकण उघडलं की पिवळट धूर उसळायचा, वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं एवढीच काय ती काळजी. घरी आले की आई त्यांचे कपडे वेगळे भिजवायची, पाणी तेलकट पिवळं व्हायचं. आता ते ७४ चे आहेत, खोकला आहे, एक्सरे नीट आहे म्हणतात. हे जे ताई लिहितायत ते त्यांच्या बाबतीत झालं असेल का, आणि झालं असेल तर आता बघायला काही टेस्ट असते का?

टिपकागद

साधामाणूस, अंदाज बांधून तुम्हाला घाबरवणार नाही आणि खोटा धीरही देणार नाही. कोक ओव्हनच्या छतावरचं काम हे या विषयातलं सर्वात नीट अभ्यासलेलं काम आहे. १९७१ मध्ये स्टील कामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात छतावर पाच वर्षं किंवा जास्त पूर्णवेळ काम केलेल्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण अपेक्षेच्या जवळपास १० पट दिसलं, बाजूला काम करणाऱ्यांत ते बरंच कमी होतं. कोक बनवणं, कोलटार, काजळी आणि बीएपी, सगळंच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या, आयएआरसीच्या, गट १ मध्ये आहे, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे नक्की. पण दहापट म्हणजे प्रत्येकाला असं नाही, त्या छतावरच्या बहुतेकांना तो झाला नाही हेही तितकंच खरं.

टेस्टबद्दल ताई सांगतील. माझ्याकडून एकच, डॉक्टरांना "कारखान्यात होते" एवढंच सांगू नका. किती वर्षं, नेमकं कुठं उभे राहायचे, सिगारेट ओढायचे का, हे लिहून न्या.

चिकित्सक

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. माझे आजोबा ९१ व्या वर्षी गेले, शेवटच्या वर्षापर्यंत सिगारेट सुटली नव्हती, फुप्फुसाचं काही झालं नाही. माणूस आगीसोबत लाखो वर्षं राहतोय. जर प्रत्येक धुरानं डीएनए बिघडत असता तर आपण उरलोच नसतो. मला वाटतं शरीराची डिटॉक्स यंत्रणा आपण कमी लेखतो. ती मजबूत ठेवली की झालं.

रेणुवेडा

चिकित्सक, तुमच्या आजोबांवर शंका नाही, बहुतेक सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर होत नाहीच (हृदय आणि दमा हा वेगळा हिशोब). पण 'डिटॉक्स मजबूत ठेवा' यात एक खाच आहे जी ताईंनी वर लिहिलीये, डिटॉक्सची पहिली पायरीच इथं विष घडवते. मग ती पायरी मजबूत करायची की कमजोर?

आणि ताई, तुमच्या लिखाणातही मला एक भर घालायचीये, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सीवायपी-१ए१ म्हणजे खलनायक, तो काढून टाकला की प्रश्न मिटला. २००४ साली नेमकं हे करून बघितलं. ज्या उंदरांत ते जनुकच काढलं होतं त्यांना तोंडावाटे बीएपी दिलं, तर त्यांच्या शरीरात ॲडक्ट कमी व्हायच्या ऐवजी जास्त झाले, अस्थिमज्जा खराब झाली आणि ते महिनाभरात मेले. ज्यांच्यात जनुक शाबूत होतं ते तेवढाच डोस पचवून जगले. कारण आतड्यात आणि यकृतात हेच एन्झाइम बीएपीला पुढच्या पायऱ्यांसकट झटपट निकालात काढतं, ते नसलं की बीएपी रक्तातून सगळीकडे पोचतं आणि दुसऱ्या एन्झाइम्सच्या हाती लागतं. म्हणजे कुठं, किती वेगानं आणि पुढची पायरी हजर आहे का, यावर सगळं अवलंबून.

खारुताई

रेणुवेडा, शंभर टक्के मान्य, आणि ही भर घातलीत ते फार बरं केलंत, माझ्या 'कारखाना'वाल्या वाक्यानं तसाच समज झाला असता.

चिकित्सक, राग कशाचा, हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानात येतो. आजोबांचं काय झालं असेल ते मी सांगू शकत नाही पण हिशोब कसा असतो ते सांगते. पेशीत सुमारे सहा अब्ज अक्षरं. गाठोडं कुठंही बसू शकतं, आणि बहुतेक जागा अशा की तिथं अक्षर बदललं तरी पेशीला फरक पडत नाही. कॅन्सर व्हायला एकाच पेशीत अनेक नेमक्या जागा बिघडाव्या लागतात, वेग वाढवणारी बटणं चालू आणि ब्रेक तुटलेले, दोन्ही. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळलं की रोज एक पाकीट ओढणाऱ्याच्या फुप्फुसातल्या प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी सुमारे १५० म्युटेशन्सची भर पडते. दहा वर्षांत दीड हजार, एका पेशीत, आणि अशा पेशी किती! मग हा सोडतीचा खेळ झाला, आजोबांच्या हाती तिकिटं भरपूर होती आणि नंबर लागला नाही. शिवाय माणसामाणसांत फरक असतो, उदाहरणार्थ बीपीडीईला पकडायला मदत करणारं जीएसटीएम-१ हे जनुक युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत मुळात नसतंच.

पण गाठोडी अगदी आंधळेपणानं बसत नाहीत, आणि माझ्या आयुष्यात मला सगळ्यात हलवून गेलेला पेपर यावरच होता. १९९६, 'सायन्स' मासिक. पी-५३ हे ब्रेकचं जनुक, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ते वारंवार काही ठरावीक जागी तुटलेलं सापडतं, कोडॉन १५७, २४८, २७३. डेनिसेन्को, फायफर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशींवर बीपीडीई टाकलं आणि गाठोडी कुठं बसतात याचा नकाशा काढला. सर्वात दाट कुठं? १५७, २४८, २७३. रुग्णांच्या गाठींतली यादी आणि बशीतल्या पेशींमधला नकाशा, दोन्ही एकावर एक ठेवले तर जुळतात. पुढं कळलं की तिथल्या जीच्या आधी मिथाइल गट लावलेला सी असतो आणि त्यामुळे तो जी बीपीडीईला जास्त ओढतो. वर तिथली रफूही हळू चालते. तो आलेख पहिल्यांदा बघितला तेव्हा मी विद्यार्थिनी होते, रात्री लायब्ररीत एकटीच होते आणि कुणाला तरी दाखवावा असं फार वाटलं होतं.

पाणकोंबडी

मग अँटिऑक्सिडंट गोळ्या घेऊन काही फायदा? घरात एकजण सिगारेट सोडायला तयार नाही पण गोळ्या घ्यायला तयार आहे. आणि सगळेच पीएएच इतके वाईट का?

रेणुवेडा

गोळ्यांचं आधी सांगतो कारण ते तातडीचं आहे. बीटा-कॅरोटीनची गोळी सिगारेट ओढणाऱ्यांना देऊ नका. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली, १९९४ ला निकाल आला, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतली दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली कारण तिथं गोळी घेणाऱ्या गटात २८ टक्के जास्त निघाला. दोन्ही वेळी अपेक्षा उलटी होती. आणि तसंही बीपीडीई म्हणजे काही फ्री रॅडिकल नव्हे की अँटिऑक्सिडंटनं विझावं. पीएएचच्या चयापचयाची एक बाजूची वाट क्विनोन नावाच्या रेणूंकडे जाते आणि तिथं ऑक्सिडेटिव्ह नुकसान होतं हे खरं, पण गोळीनं ते थांबतं असं या चाचण्यांत दिसलं नाही.

सगळे वाईट नाहीत. बेंझो(ए)पायरीनचाच सख्खा भाऊ बेंझो(ई)पायरीन, तेच २० कार्बन, तेच १२ हायड्रोजन, तीच पाच कडी, फक्त पाचवं कडं दुसऱ्या बाजूला चिकटलंय. कॅन्सर घडवण्यात ए च्या पासंगालाही तो पुरत नाही, आयएआरसीनं त्याला गट ३ मध्ये ठेवलंय, म्हणजे माणसात कॅन्सर करतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावा नाही. उलट डायबेंझो(ए,एल)पायरीन बीएपीपेक्षाही कितीतरी जहाल, कारण त्याची खाडी आणखी खोल, तिला 'फ्योर्ड' म्हणतात, आणि त्याची गाठोडी पिळात इतकी बेमालूम बसतात की रफूवाल्या प्रथिनांना चाचपून कळत नाही. वाकडं दिसलं तर दुरुस्ती, नीट दिसलं तर सुटका. मला या एका गोष्टीची फार भीती वाटते.

भिंगरी

आणि जे सोडतात त्यांचं? वडलांनी सिगारेट सोडून सहा वर्षं झाली म्हणून विचारतेय. झालेली म्युटेशन्स पुसली जात नाहीत असं वर लिहिलंय.

खारुताई

पुसली जात नाहीत, बरोबर. पण भिंगरी, २०२० चा एक अभ्यास तुमच्यासाठीच आहे असं समजा. १६ जणांच्या श्वासनलिकेतून एकेक पेशी वाढवून तिचा पूर्ण डीएनए वाचला. सिगारेट ओढणाऱ्यांच्या पेशींत हजारो जास्तीची म्युटेशन्स, अपेक्षेप्रमाणे. पण त्यांच्यातच काही पेशी अशा की जणू त्यांनी धूर बघितलाच नाही. आणि ज्यांनी सोडली होती त्यांच्यात अशा स्वच्छ पेशींचं प्रमाण सध्या ओढणाऱ्यांच्या चौपट होतं. म्हणजे बिघडलेल्या पेशी सुधारत नाहीत, पण कुठंतरी आडोशाला राहिलेल्या चांगल्या पेशी पसरून त्यांची जागा घेतात. वडलांना हे नक्की सांगा, आणि सोडली हे फार मोठं काम केलं हेही.

साधामाणूस, तुमचं उत्तर मुद्दाम शेवटी ठेवलं, नीट लिहायचं होतं. लघवीतल्या १-हायड्रॉक्सीपायरीनची टेस्ट असते, कोक ओव्हनसारख्या ठिकाणी कामगारांवर ती वापरतात, पण ती गेल्या दोन-चार दिवसांत किती पीएएच अंगात गेलं एवढंच सांगते. वडलांना काम सोडून वर्षं झाली, आज ती केली तर काहीच कळणार नाही, पैसे घालवू नका. रक्तातले ॲडक्ट मोजता येतात, अब्ज अक्षरांत एक एवढ्या बारकाईनं, पण ते संशोधनापुरतं, एका माणसाला त्यावरून काही सांगता येत नाही. आणि जुने ॲडक्ट आता उरलेलेही नसतील, जे राहिलं असेल ते म्युटेशनच्या रूपात.

उपयोगाची गोष्ट म्हणजे कमी डोसचा छातीचा सीटी स्कॅन. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, भरपूर सिगारेट ओढलेल्यांत साध्या एक्सरेऐवजी हा स्कॅन दरवर्षी केला तर फुप्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. ती चाचणी कोक ओव्हन कामगारांवर नव्हती, आणि ७४ व्या वर्षी स्कॅन करायचा की नाही हे त्यांची एकूण तब्येत बघूनच ठरतं, म्हणून हा निर्णय छातीच्या डॉक्टरांचा. पण एक्सरेत लहान गाठ सुटू शकते आणि खोकला टिकून आहे, तेव्हा विचारायला मात्र नक्की जा. आणि त्वचेवर, विशेषतः हात, चेहरा, जांघ इथं न भरणारी जखम किंवा खरखरीत चामखिळीसारखं काही असलं तर तेही दाखवा. पॉटना दिसलं होतं ते तिथंच.

चिकित्सक

खारुताई, रेणुवेडा, धन्यवाद. दोन एन्झाइमच्या मधल्या फटीत सगळं घडतं हे मला माहीत नव्हतं. 'डिटॉक्स' हा शब्द मी आजवर फार सहज वापरत होतो. पी-५३ च्या त्या नकाशाबद्दल वेगळा धागा काढाल का? वाचनखूण साठवली आहे.

साधामाणूस

ताई, टिपकागद, काल रात्री बाबांसोबत बसून सगळं कागदावर उतरवलं. मला वाटत होतं नऊ वर्षं छतावर, ते म्हणाले नऊ नाही, साडेअकरा, कारण मधे एकजण आजारी पडला तेव्हा परत वर पाठवलं होतं. कुठल्या ओव्हनची झाकणं नीट बसायची नाहीत ते अजून नंबरासकट आठवतं त्यांना. सिगारेट लग्नाआधी दोन वर्षं, मग नाही. डाव्या मनगटावर एक खरखरीत डाग निघाला, म्हणतात बरीच वर्षं आहे, आम्ही कधी बघितलाच नव्हता. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, कागद सोबत नेतोय. काय म्हणतात ते इथंच लिहीन.